दोनदा आलेलं आणि दोनदा लिहिलेलं: आरपीजीच्या कॉपी मेंबरांकडे बघताना माझी झालेली चूक



पीएच.डी.चा विषय सांगितला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "आरपीजी? ते अजून आहे?" आहे. १९५९ साली आयबीएमने १४०१ या यंत्रासाठी रिपोर्ट काढायची सोय म्हणून ही भाषा आणली. १९८८ मध्ये एएस/४०० आलं, १९९४ मध्ये आरपीजी फोर आली. आज त्याच घराण्यातल्या आयबीएम आय मशीनवर कित्येक बँका, विमा कंपन्या, गोदामं आणि कारखाने चालतात. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत बसून परदेशातल्या ग्राहकांचा हा कोड सांभाळणारे मराठी लोक तुमच्या ओळखीतही एखाददुसरे असतील.

आज मात्र मला या भाषेचं कौतुक करायचं नाहीये. तिच्यातल्या एका साध्या गोष्टीबद्दल, म्हणजे अनेक प्रोग्राममध्ये वापरायची डिक्लेरेशन्स एका जागी कशी ठेवायची याबद्दल, जो सल्ला सर्रास दिला जातो, त्यावर टीका करायची आहे. त्या टीकेत माझा स्वतःचा एक प्रकरणभर मजकूरही येतो, कारण मी त्याच सल्ल्यावर विसंबून मोजमाप केलं आणि ते चुकलं. तुमच्यातले जे प्रपोजल लिहायच्या तयारीत आहेत त्यांनी तो भाग जरा सावकाश वाचा.

(कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. मशीनवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

आधी थोडी पार्श्वभूमी. आरपीजीचा सोर्स 'मेंबर' नावाच्या तुकड्यांत ठेवतात. एका मेंबरमध्ये प्रोसिजरचे प्रोटोटाइप, डेटा स्ट्रक्चर, कॉन्स्टंट लिहायचे आणि प्रोग्राममध्ये /कॉपी या ओळीने तो मजकूर आणायचा. सीच्या हेडर फाइलसारखंच. /इन्क्लूड ही दुसरी ओळही तेच करते. फरक पडतो तो एम्बेडेड एसक्यूएल असलेल्या प्रोग्राममध्ये, कारण एसक्यूएलचा प्रीकंपायलर या दोन ओळींना वेगळी वागणूक देतो. क्रिएट एसक्यूएल आरपीजी आय या कमांडमध्ये आरपीजीपीपीओपीटी नावाचा पॅरामीटर लेव्हल २ ला ठेवला तरच /इन्क्लूडसुद्धा त्या टप्प्यावर उलगडलं जातं. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

आता अडचण कुठे येते? प्रोग्राम 'अ' मेंबर आणतो, 'अ' आतून 'क' आणतो, प्रोग्राम 'ब' पण आणतो आणि तोही 'क'च आणतो. 'क' दोनदा आला, कंपायलर म्हणतो हे नाव आधीच डिफाइन झालंय, आणि कंपाइल पडतं. यावरचा ठरलेला इलाज म्हणजे गार्ड. मेंबरच्या सुरुवातीला लिहायचं: अमुक नाव डिफाइन्ड असेल तर /ईओएफ, मग /एन्डइफ, आणि खाली /डिफाइन करून तेच नाव ठेवायचं. दुसऱ्यांदा तो मेंबर आला की कंपायलर /ईओएफपाशी थांबतो आणि उरलेला मेंबर वाचतच नाही. रचना छान आहे. सीमध्ये गार्ड लागला तरी पूर्ण फाइल चाळावी लागायची, म्हणून रॉब पाइक यांनी १९८९ च्या आपल्या सीवरच्या टिपणात सरळ नियम घातला होता की इन्क्लूड फाइलने दुसरी इन्क्लूड फाइल आणूच नये. १९९२ मध्ये हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी इफडेफवर जो पेपर लिहिला तो मात्र पोर्टेबिलिटीसाठी होणाऱ्या इफडेफच्या गैरवापरावर होता. आरपीजीवाल्यांना /ईओएफ असल्यामुळे निदान वाचनाच्या खर्चाची तक्रार उरत नाही.

मग तक्रार कशाची? गार्ड 'मेंबर दोनदा आला' ही गोष्ट सोडवतो. पण 'डिक्लेरेशन दोनदा लिहिलं' ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल तो काहीच करत नाही. पहिल्या प्रकारात कंपायलर ओरडतो. दुसऱ्यात कुणीच ओरडत नाही. आणि बहुतेक मार्गदर्शनात या दोन्हींना 'डुप्लिकेट डिक्लेरेशन' असं एकच नाव देऊन, गार्ड लावला की विषय संपला असं सांगतात.

उदाहरणाशिवाय हे पटणार नाही. एक प्रोसिजर आहे, तिला व्याजदर पाठवायचा. प्रोसिजरच्या मालकाने पॅरामीटर लिहिलाय पॅक्ड, नऊ अंकी, त्यात चार दशांश. हाक मारणाऱ्या प्रोग्रामच्या लेखकाने मेंबर आणला नाही. घाई असेल, किंवा मेंबर आणला की शंभर नको असलेली नावं येतात म्हणून त्याने प्रोटोटाइप हातानेच लिहिला: पॅक्ड, नऊ अंकी, दोन दशांश. नऊ अंकी पॅक्ड म्हणजे दोन्हीकडे पाच बाइट. दशांशबिंदू मेमरीत कुठेच साठवलेला नसतो, तो फक्त डिक्लेरेशनमध्ये असतो. म्हणजे इकडून १२.५० निघालं की अंक असतात ०००००१२५०, आणि तिकडे तेच अंक ०.१२५० असे वाचले जातात.

आता बघा, कोण अडवतं. हाक मारणाऱ्या मॉड्यूलचा कंपायलर? त्याच्यासमोर एकच प्रोटोटाइप आहे, त्याच्या मते सगळं ठीक. प्रोसिजरच्या मॉड्यूलचा कंपायलर? त्याच्याकडेही एकच आहे. बाइंडर? सर्व्हिस प्रोग्रामची सिग्नेचर एक्सपोर्ट केलेल्या नावांवरून आणि त्यांच्या क्रमावरून बनते, पॅरामीटर तिच्यात नसतात. चालवताना? पाच बाइट पाठवले, पाच बाइट वाचले, चिन्हाचा निबल जागेवर आहे, डेसिमल डेटा एररही येत नाही. लांबी वेगळी असती, समजा सात अंकी म्हणजे चार बाइट, तर निदान प्रोग्राम आपटला असता. इथे तो शांतपणे चालतो. आणि ०.१२५० हा आकडा दर म्हणून इतका शहाणा दिसतो की रिपोर्ट वाचणाऱ्यालाही शंका येऊ नये.

याच मशीनवर फाइलच्या बाबतीत असं होत नाही, हे मला फार बोचतं. टेबलाचा रेकॉर्ड फॉरमॅट बदलला आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला नाही, तर फाइल उघडतानाच लेव्हल चेक होतो आणि सीपीएफ४१३१ येऊन प्रोग्राम थांबतो. म्हणजे दोन ठिकाणची वर्णनं जुळत नाहीत हे ओळखायची बुद्धी या प्रणालीत आहे. फील्डची व्याख्या एकाच रेफरन्स फाइलमध्ये ठेवायची शिस्तही तिथे जुनी आहे. पॅरामीटरच्या वाट्याला मात्र यातलं काही आलं नाही. तिथे एकच राखण आहे: प्रोटोटाइप असलेला मेंबर हाक मारणाऱ्यानेही आणायचा आणि प्रोसिजर जिथे लिहिलीय त्या मॉड्यूलनेही आणायचा. मालकाच्या मॉड्यूलमध्ये प्रोटोटाइप आणि प्रोसिजर इंटरफेस दोन्ही समोरासमोर आले की कंपायलर ते ताडून बघतो, दशांशसुद्धा. या एका भेटीवर सगळं उभं आहे.

आणि २०१० च्या ७.१ रिलीजमध्ये ही भेट ऐच्छिक झाली. प्रोटोटाइप दिला नाही तर कंपायलर प्रोसिजर इंटरफेसवरून स्वतःच बनवून घेतो. त्याच मॉड्यूलपुरत्या प्रोसिजरसाठी ही सोय उत्तमच आहे, तेच दोनदा कशाला लिहायचं? पण एक्सपोर्ट होणाऱ्या प्रोसिजरलाही ती मोकळीक मिळाली. मालकाने मेंबर आणला नाही तरी कंपाइल होतं, आणि मेंबर एकीकडे आणि खरी प्रोसिजर दुसरीकडे अशी फारकत व्हायला वाट मिळते. पुढे आयबीएमनेच आरईक्यूपीआरईएक्सपी हा कंट्रोल कीवर्ड दिला, तो रिक्वायरवर ठेवला की एक्सपोर्ट केलेल्या प्रोसिजरला प्रोटोटाइप नसेल तर कंपाइल पडतं. माझ्या मते हा कीवर्ड प्रत्येक ठिकाणी सक्तीचा असायला हवा. मी जो सोर्स पाहिला त्यात तो एकदाही दिसला नाही.

आता आयबीएमच्याच घरचा एक मेंबर वाचू. ऑपरेटिंग सिस्टीमचा ऑप्शन १३, सिस्टीम ओपननेस इन्क्लूड्स, बसवलेला असेल तर क्यूसिसइंक नावाची लायब्ररी मिळते. तिच्यातल्या क्यूआरपीजीएलईएसआरसी या सोर्स फाइलमध्ये क्यूयूएसईसी हा मेंबर आहे. सिस्टीमच्या एपीआयना हाक मारताना चूक झाली तर तिची माहिती ज्या स्ट्रक्चरमध्ये परत येते, त्याचा हा आराखडा. पहिल्या चार बाइटमध्ये आपण किती जागा दिली ते, पुढच्या चारात किती माहिती उपलब्ध आहे ते, मग सात अक्षरांचा मेसेज आयडी, एक राखीव बाइट. एकूण १६. जागा शून्य सांगितली तर चूक एस्केप मेसेज बनून अंगावर येते, आठ किंवा जास्त सांगितली तर स्ट्रक्चरमध्ये भरून येते.

हेतू उत्तम. कुणी बाइट मोजत बसू नये, एकदाच मोजून सगळ्यांना द्यावेत. पण मजकूर वाचायला घ्या. स्ट्रक्चर क्वालिफाइड नाही, म्हणून आतली नावं सगळ्या प्रोग्रामभर मोकळी सुटतात. चार बाइटचे आकडे इंटिजर नाहीत, जुन्या 'बी' प्रकारचे आहेत, जो चार बाइटमध्ये नऊच अंक मानतो. सतराव्या बाइटपासून येणारा एक्सेप्शन डेटा तर कॉमेंट करून ठेवलाय, कारण त्याची लांबी ठरलेली नसते. तो हवा असेल तर काय करायचं? मेंबर आपल्या प्रोग्राममध्ये उतरवून घ्यायचा आणि कॉमेंट काढून लांबी घालायची.

म्हणजे लोकांनी नक्कल करू नये म्हणून दिलेला मेंबरच नक्कल करा म्हणतो! आणि लोकांनी ती केली. कुठल्याही जुन्या आरपीजी दुकानात शिरा (हो, या धंद्यात त्याला 'शॉप'च म्हणतात), एपीआय एरर स्ट्रक्चरच्या डझनभर हाती लिहिलेल्या आवृत्त्या दिसतील, कुणाचा एक्सेप्शन डेटा लांब, कुणाचा आखूड, नावं प्रत्येकाची वेगळी. लोक आळशी आहेत म्हणून हे झालं असं मी मानत नाही. सामायिक मेंबर वापरायला गैरसोयीचा असेल तर त्याच्या नकला होणारच. दोष आधी मेंबरचा.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की तो मेंबर लिहिला गेला तेव्हा क्वालिफाइड, लाइक-डीएस असे कीवर्ड हातात नव्हते, आणि टेम्प्लेट तर २००८ च्या ६.१ मध्ये आला. आज नावं बदलली तर जगभरचा चालू कोड मोडेल. त्यामुळे तो तसाच राहणार. आज तो वापरायचाच असेल तर आपल्या एका गार्ड लावलेल्या मेंबरमध्ये एकदाच आणा आणि बाकीच्यांनी लाइक-डीएसने त्याच्यासारखं स्ट्रक्चर करून घ्यावं. पण 'बी' आणि गायब एक्सेप्शन डेटा यांचं दुखणं त्याने जात नाही. मी असते तर इंटिजर घेऊन स्वतःचं टेम्प्लेट एकदा, एकाच जागी लिहिलं असतं.

गार्डकडे परत येते, कारण त्याचेही दोन सापळे मी प्रत्यक्ष पाहिलेत.

एक म्हणजे नवीन मेंबर कुणीच कोऱ्या पानावर लिहीत नाही. पीडीएममध्ये जुन्या मेंबरसमोर ३ टाकायचं, नक्कल करायची, आतला मजकूर बदलायचा. गार्डचं नाव बदलायचं राहून जातं. मग ज्या प्रोग्राममध्ये दोन्ही मेंबर येतात तिथे दुसरा गुपचूप रिकामा ठरतो. /कॉपी ओळ डोळ्यांसमोर आहे आणि कंपायलर म्हणतो नाव सापडत नाही! दोन तास जातात. दुसरा सापळा मोठ्या, 'सगळं एकात' मेंबरचा. त्यात विभागवार /इफ असतात: ग्राहकांचे प्रोटोटाइप हवेत तर आधी अमुक डिफाइन करा, ऑर्डरचे हवेत तर तमुक. आणि वर संपूर्ण मेंबरला एक गार्डही असतो. प्रोग्रामने ग्राहक मागून तो आणला, पुढे दुसऱ्या कुठल्या मेंबरने ऑर्डर मागून तोच आणला, पण आता गार्ड म्हणतो मी आलोय आधीच. ऑर्डरचे प्रोटोटाइप कधीच येत नाहीत. ओळींचा क्रम उलटा केला की ग्राहकांचे जातात. मग वैतागलेला माणूस काय करतो? बरोबर, हवा तो प्रोटोटाइप हाताने लिहितो. आपण पुन्हा १२.५० पाशी आलो.

लायब्ररी लिस्टचं प्रकरण याहून वाईट. /कॉपीमध्ये लायब्ररीचं नाव न देता फक्त मेंबर दिला की कंपायलर लायब्ररी लिस्टमध्ये क्रमाने शोधत जातो. कुणाच्या वैयक्तिक लायब्ररीत सहा महिन्यांपूर्वी उतरवलेली त्याच नावाची प्रत पडली असेल तर त्याच्या कंपाइलला तीच लागते. ओळ तीच, गार्ड तोच, मजकूर वेगळा. सोर्स कितीही बारकाईने वाचलात तरी हे दिसणार नाही, कंपाइल लिस्टिंग बघावं लागतं.

आता माझी चूक. एका कंपनीने संशोधनासाठी आपला जुना सोर्स वाचायला दिला होता. माझा प्रश्न होता: सामायिक मेंबर असूनही किती डिक्लेरेशन्स पुन्हा लिहिली जातात? मी क्लोन शोधण्याची प्रस्थापित पद्धत घेतली. रॉय आणि कॉर्डी यांच्या २००७ च्या आढाव्यातलं वर्गीकरण तुम्ही वाचलं असेल: टाइप १ म्हणजे हुबेहूब नक्कल, टाइप २ म्हणजे नावं, लिटरल, प्रकार यांत फरक असलेली, वगैरे. टाइप २ साठी सगळे करतात तसं मीही नावं आणि आकडे पुसून एकसारखे केले, मग जुळवले. जुळलेल्यांना 'निरुपद्रवी नक्कल' म्हटलं. कॅप्सर आणि गॉडफ्रे यांनी क्लोन सरसकट वाईट नसतात असं दाखवलेलंच आहे, त्याचा आधार घेतला. तक्ता देखणा झाला.

तो त्या कंपनीतल्या एका ज्येष्ठ प्रोग्रामरना दाखवला. तिथे त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. त्यांनी तक्त्याकडे फारसं पाहिलंच नाही. मागची परिशिष्टातली यादी चाळली आणि एका जोडीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे दोन एक नाहीत हो."

"सर, टूलनुसार एकच आहेत."

"एकात दोन दशांश आहेत, एकात चार."

बघा काय झालं होतं ते. जो फरक सगळ्यात घातक, तोच मी मोजायच्या आधी पुसून टाकला होता. टाइप २ ची व्याख्या लूप आणि स्टेटमेंटसाठी घडली, तिथे लिटरलमधला फरक बहुतेक वेळा वरवरचा असतो. डिक्लेरेशनमध्ये तो आकडा हाच करार असतो. मी पद्धत उचलली, ती कशासाठी बनली होती हे विचारलं नाही. नशीब असं की ती हाक ज्या प्रोग्राममध्ये होती तो कधीचाच बंद पडला होता, कुणाचे पैसे गेले नाहीत. माझं प्रकरण मात्र गेलं.

मार्गदर्शकांनी रागावण्याऐवजी पार्नास यांचा १९७२ चा पेपर पुन्हा वाचायला सांगितला. मला आधी हे टाळाटाळीचं वाटलं, खरं सांगते. पण वाचल्यावर प्रश्नच बदलला. पार्नास विचारतात की मॉड्यूल कोणता निर्णय लपवून ठेवतं. त्या नजरेने 'सगळं एकात' मेंबर काहीच लपवत नाही, आणि म्हणूनच तो आणायला लोक कचरतात. उलट एका सर्व्हिस प्रोग्रामचा एक मेंबर, त्यात फक्त प्रोटोटाइप, टेम्प्लेट आणि कॉन्स्टंट, प्रत्यक्ष जागा घेणारं एकही व्हेरिएबल नाही, लागणारे दुसरे मेंबर तो स्वतः आणतो, गार्डचं नाव मेंबरच्याच नावावरून, आणि मालक मॉड्यूल इतर कुठल्याही कॉपीच्या आधी तोच आणतं, म्हणजे तो एकट्याने उभा राहतो का हेही कळतं. लेकॉस यांनी सी++ साठी १९९६ च्या पुस्तकात हीच शेवटची युक्ती सांगितली होती. आरपीजीत जुन्या फिक्स्ड फॉरमॅटमध्ये स्पेसिफिकेशनचा क्रम ठरलेला असल्याने ती जरा वाकवावी लागते, कंट्रोल स्पेकचा मेंबर वेगळा ठेवावा लागतो. जमतं.

मग आता मी मोजतेय काय? एकाच नावाच्या प्रोसिजरची सगळी प्रोटोटाइप गोळा करते, काहीही न पुसता, आणि खऱ्या इंटरफेसशी लांबी, दशांश, प्रकार, कॉन्स्ट, व्हॅल्यू असं एकेक ताडते. तीन ढीग होतात: जुळणारे, लांबी न जुळणारे, आणि लांबी जुळून अर्थ न जुळणारे. तिसरा ढीग छोटा आहे. पण प्रबंध त्याच्यावरच लिहावा लागणार असं दिसतंय. 'डुप्लिकेट'ची एकूण संख्या, जिच्यावर माझा पहिला तक्ता उभा होता, ती आता कुठेच येत नाही.

सरांनी निघताना आणखी दोन मेंबरांची नावं कागदावर लिहून दिली, "हे पण बघा" म्हणाले. एक तिसऱ्या ढिगात गेलं. दुसरं मला अजून कुठल्याच लायब्ररीत सापडलेलं नाही, आणि तरी त्याला आणणारे प्रोग्राम रोज रात्री चालतात.